साथीदार की नायक? : जीन क्रुपा आणि बिग बँडचा ड्रम

१९३५ ते १९४६ या काळात अमेरिकेच्या लोकप्रिय संगीतावर स्विंग जॅझचे राज्य होते. हे संगीत वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदाला बिग बँड म्हणत. तीन-चार ट्रम्पेट, दोन-तीन ट्रॉम्बोन, चार-पाच सॅक्सोफोन आणि त्यांच्या जोडीला पियानो, गिटार, डबल बास व ड्रम यांची तालबाजू, अशी त्याची सर्वसाधारण रचना असे. या ताफ्यात ड्रमवादक सर्वांच्या मागे बसे. त्या मागच्या जागेवरून जो पहिल्यांदा देशभर ठाऊक असलेला तारा झाला, तो जीन क्रुपा (१९०९–१९७३).

क्रुपाच्या कामगिरीविषयी दोन मते आहेत. एका मताने त्याने ड्रमवादकाला स्वतंत्र कलावंताची प्रतिष्ठा मिळवून दिली. दुसऱ्या मताने ड्रमचे खरे काम साथीचे, आणि क्रुपाच्या झगमगाटात ते झाकोळले गेले. साथ मोठी की स्वतंत्र वादन मोठे, हा प्रश्न तबल्याच्या परंपरेलाही नवा नाही. म्हणून पुढे छत्रपती संभाजीनगरातले तबल्याचे एक गुरुजी आणि त्यांच्याकडे तबला शिकून ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवू लागलेला एक तरुण वादक यांच्या संवादातून दोन्ही बाजू क्रमाने मांडल्या आहेत.

पेडल आणि शिकागो

जीन क्रुपाचा जन्म १५ जानेवारी १९०९ रोजी शिकागो शहरात झाला. पोलिश वंशाच्या कुटुंबातल्या नऊ भावंडांत तो सर्वांत धाकटा. त्याच वर्षी आणि त्याच शहरात विल्यम लुडविग याने बेस ड्रम पायाने वाजवण्याचे वेगवान पेडल बाजारात आणले. आजच्या ड्रमसेटची घडण या पेडलपासून सुरू होते.

गुरुजी : एकाच माणसाने अनेक चर्मवाद्ये वाजवणे आपल्याला नवीन नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात त्रिपुष्कर आहे: आंकिक, ऊर्ध्वक आणि आलिंग्य, तीन वाद्यांचा एक संच. आपल्या विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. त्यातल्या सातव्या लेण्यात नर्तकीच्या दोन्ही बाजूंना वादक स्त्रिया कोरल्या आहेत. तिथे बासरी आहे, झांज आहे, चर्मवाद्यही आहे. सहाव्या शतकाच्या आसपासचे ते काम. मग अमेरिकेने नवीन काय केले?

वादक : नवीन आहे तो पाय, सर. वरातीतला बँड आठवा. मोठा ढोल एकाच्या गळ्यात, साइड ड्रम दुसऱ्याच्या, झांजा तिसऱ्याच्या हातात. अमेरिकेतल्या मिरवणुकीच्या बँडमध्येही अशीच वाटणी होती. पेडल आल्यावर मोठा ढोल जमिनीवर आडवा झाला आणि उजव्या पायाकडे गेला. पुढे १९२०च्या दशकात दोन झांजा एका दांड्यावर समोरासमोर बसवलेली हाय-हॅट आली, ती डाव्या पायाकडे गेली. दोन्ही हात स्नेअर, टॉमटॉम आणि सिंबलसाठी मोकळे झाले.

गुरुजी : म्हणजे तिघांची भाकरी एकाच्या ताटात आली. नाट्यगृहाच्या मालकाचे पैसे वाचले, अरुंद जागेत बँड मावला. हे सोयीतून जन्मलेले वाद्य आहे. तबल्यामागे शाई, वादी, गट्ट्यांपासून बोलांच्या निकासापर्यंत नादाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विचार आहे. तसा इथे कुठे दिसतो?

वादक : जन्म सोयीतून झाला, हे मान्य. पण तिघांकडे वाटलेली लय एका माणसाच्या चार अवयवांत आली, तेव्हा त्या चौघांत आपसात बोलणे सुरू झाले. डावा हात उजव्या पायाला उत्तर देतो, उजवा हात दोघांवरून सरळ चालत राहतो. तीन वेगळ्या माणसांना हे इतक्या चपळाईने साधले नसते. क्रुपाची पिढी ही ड्रमसेटवरच वाढलेली पहिली पिढी.

तालीम

क्रुपा अकरा वर्षांचा असताना भावाबरोबर वाद्यांच्या दुकानात काम करू लागला. तिथल्या वाद्यांत ड्रम सर्वांत स्वस्त, म्हणून तो त्याने घेतला. मुलाने धर्मगुरू व्हावे अशी आईची इच्छा होती, आणि त्यासाठी तो इंडियाना राज्यातल्या सेंट जोसेफ कॉलेजात काही काळ शिकलाही. नंतर शिकागोला परतून तो नृत्यगृहांत वाजवू लागला. १९२७च्या डिसेंबरात एडी कॉन्डन आणि रेड मॅकेन्झी यांच्या गटाबरोबर त्याचे पहिले महत्त्वाचे ध्वनिमुद्रण झाले. त्या काळी बेस ड्रमच्या धक्क्याने मुद्रणाची सुई उडेल या भीतीने ड्रमवादकाला बहुतेकदा अपुऱ्या साहित्यावर वाजवायला लावत. क्रुपाने पूर्ण संच वापरला. कंप शोषून घ्यायला खाली गालिचे घातले गेले. पूर्ण ड्रमसेट ऐकू येणाऱ्या सुरुवातीच्या तबकड्यांत या मुद्रणाची गणना होते.

गुरुजी : गुरू कोण? घराणे कोणते?

वादक : गंडा बांधलेला गुरू नव्हता, पण ज्याला तो आपला आदर्श मानत असे, तो बेबी डॉड्स. न्यू ऑर्लीन्सहून शिकागोच्या दक्षिण भागात आलेले कृष्णवर्णीय वादक तिथल्या क्लबांत वाजवत. डॉड्स ड्रमच्या चामड्यावर, लाकडी कडेवर, काउबेलवर, वुडब्लॉकवर गाण्याच्या प्रत्येक भागाला वेगळा रंग द्यायचा. क्रुपा आणि त्याचे मित्र समोर बसून ते ऐकत.

गुरुजी : म्हणजे तालीम कानाने घेतली. आपल्याकडेही कित्येकांनी मैफलीत मागे बसून विद्या उचलली आहे. पण अशा शिकण्यात एक धोका असतो. वरचे रंग लवकर हाताला येतात, खालची बैठक मागे राहते.

वादक : म्हणूनच १९२९मध्ये न्यूयॉर्कला गेल्यावर त्याने तंत्रावर नव्याने मेहनत घेतली. स्नेअरच्या रूढ बोलांचा, म्हणजे रुडिमेंट्सचा, शिस्तीत अभ्यास केला. सरावाला रबरी पॅड वापरायचा. त्याच्या पुढच्या वाजवण्यातली स्वच्छता त्या मेहनतीतून आली.

ठेका

१९३४च्या डिसेंबरात क्रुपा क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडमध्ये गेला. २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये या बँडला तरुण श्रोत्यांनी जो प्रतिसाद दिला, तिथून स्विंगयुग सुरू झाले असे मानण्याचा प्रघात आहे. त्याच वर्षी गुडमन, पियानोवादक टेडी विल्सन आणि क्रुपा यांची त्रयी तयार झाली. १९३६मध्ये व्हायब्राफोनवर लायोनेल हॅम्प्टन आल्यावर तिची चौकडी झाली. विल्सन आणि हॅम्प्टन कृष्णवर्णीय, गुडमन आणि क्रुपा गोरे. वर्णभेदाच्या त्या काळात असा मिश्र गट रंगमंचावर बसणे ही सामाजिक दृष्ट्या मोठी घटना होती.

गुरुजी : आता मूळ मुद्द्यावर ये. या बँडमध्ये ड्रम नेमके काय करतो? चार मात्रा, पुन्हा चार मात्रा. यात सम कुठे आणि खाली कुठे?

वादक : स्विंगचा ठेका असा: पहिली मात्रा सिंबलवर सरळ. दुसऱ्या मात्रेचे तीन समान भाग करायचे. पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला रिकामा सोडायचा. तिसरी मात्रा पहिलीसारखी, चौथी दुसरीसारखी. डाव्या पायाने हाय-हॅट दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटते. उजव्या पायाचा बेस ड्रम चारही मात्रांवर चालतो. मधला रिकामा सोडलेला भाग हाच या ठेक्याचा डोल. वजन पहिल्या मात्रेवर न देता दुसऱ्या-चौथीवर दिल्याने नाचणाऱ्याचे पाऊल पुढे ओढले जाते.

गुरुजी : दादऱ्या-खेमट्याच्या अंगाचा डोल चार मात्रांत घातला, असे म्हणता येईल. पण आवर्तन?

वादक : आवर्तन चार मात्रांचे धरले तर काहीच हाती लागत नाही. त्या काळची पुष्कळ गाणी आठ-आठ बारच्या चार भागांत बांधलेली असत. पहिले दोन भाग एका चालीचे, तिसरा वेगळा, चौथा पुन्हा पहिल्याचा. एका बारला चार मात्रा, म्हणजे बत्तीस बारचे आवर्तन १२८ मात्रांचे झाले. ड्रमवादक ते मनात धरून चालतो. भाग बदलताना छोटी उठान घेतो, पूर्ण आवर्तन संपताना समेसारखा ठोका देतो. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा जोरकस स्वर यायचा असला की त्याच्या किंचित आधी स्नेअरवर इशारा देतो, आणि दहा जण त्या इशाऱ्यावर एका श्वासात उतरतात. कागदावर लिहिलेली रचना सर्वांपुढे असते; तिच्यात जीव ओतणे ड्रमच्या हाती असते.

गुरुजी : हे मला पटते. दिंडीत साठ-सत्तर टाळकरी असले तरी सगळ्यांचे कान पखवाजाकडे असतात. पखवाजी चुकला तर सगळी दिंडी विस्कळीत होते. तो पुढे येऊन मिरवत नाही, तरी दिंडी चालते ती त्याच्या हातावर. माझे म्हणणे तेच आहे: हीच ड्रमची थोरवी. आणि या कसोटीवर क्रुपा सर्वश्रेष्ठ ठरतो का?

वादक : ठरत नाही. त्याचा बेस ड्रम चारही मात्रांवर ठळक वाजतो, कधीकधी जड वाटतो. काउंट बेसीच्या बँडमधल्या जो जोन्सने ठेक्याचा भार बेस ड्रमवरून हाय-हॅटवर नेला, झांजा पूर्ण न मिटता हलत्या ठेवल्या, आणि सगळी तालबाजू हलकी केली. पुढचे आधुनिक ड्रमवादन जोन्सच्या वाटेने गेले. पण पॅलोमारच्या रात्री गुडमनच्या बँडला जो रेटा हवा होता, तो क्रुपानेच दिला.

तबकडीच्या दोन बाजू

६ जुलै १९३७ रोजी गुडमनच्या बँडने ‘सिंग, सिंग, सिंग’ ही लुई प्रिमाची रचना हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केली. एरवी दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. ही रचना आठ मिनिटांहून लांब, म्हणून ती बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजूंवर घ्यावी लागली. तिचा सगळा डोलारा क्रुपाच्या टॉमटॉमवर उभा आहे. १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गुडमनच्या बँडचा ऐतिहासिक कार्यक्रम झाला, त्याचा कळसही हीच रचना होती.

गुरुजी : माझा आक्षेप इथे सुरू होतो. टॉमटॉमचा तोच घुमारा मिनिटामागून मिनिट चालतो. कायद्यात मुख आहे, पलटे आहेत, बल आहे, शेवटी तिहाई आहे. विचाराचा विस्तार दिसतो. क्रुपाच्या एकलवादनात विस्तार कमी आणि आवेश जास्त. केस कपाळावर, च्युइंगगम तोंडात, काड्या हवेत. श्रोते ड्रम ऐकत होते की पाहत होते?

वादक : दोन्ही करत होते. दिसणे हा त्याच्या कलेचा भाग होता, हे लपवण्यासारखे नाही. पण त्या रचनेत टॉमटॉमचे काम कायद्याचे नाहीच, लेहऱ्याचे आहे. आपल्याकडे तबला सोलोला सारंगी किंवा पेटी लेहरा धरते. तिथे ड्रमने लेहरा धरला आहे आणि त्यावर क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन पाळीपाळीने बोलतात. कार्नेगी हॉलमध्ये जेस स्टेसीने पियानोवर आयत्या वेळी जो शांत, लांब भाग वाजवला, तो रसिक आजही वाखाणतात. तेव्हा क्रुपाने आवाज खाली आणून त्याला जागा करून दिली. सर, ही साथच झाली ना?

गुरुजी : ती साथच. तू सोलो म्हणून दाखवायला घेतलेल्या रचनेतून मला साथीचा नमुना दिलास.

वादक : पण लोकांनी नाव लक्षात ठेवले ते ड्रमवाल्याचे, हेही खरे ना? आपल्याकडे गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्याला होते. प्रेक्षक बालगंधर्वांचे गाणे ऐकायला येत आणि खाँसाहेबांच्या हाताचीही चर्चा करत घरी जात. पुढे तेच थिरकवा स्वतंत्र तबलावादनाचे शिखर मानले गेले, १९७०मध्ये पद्मभूषण झाले. साथीदाराचे नाव झाल्याने साथीची प्रतिष्ठा घटली, असे कुणी म्हटले नाही.

गुरुजी : थिरकवा खाँसाहेबांचे नाव साथीतल्या संयमाने झाले. गाण्यावर हात चढवून त्यांनी ते मिळवले नाही. दोन्हींत हा फरक आहे.

सॅव्हॉयची रात्र

११ मे १९३७ रोजी हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये गुडमन आणि चिक वेब यांच्या बँडचा जाहीर सामना झाला. बाल्टिमोरचा चिक वेब मणक्याच्या क्षयामुळे लहानपणापासून अपंग होता. त्याची उंची खुंटलेली, म्हणून ड्रमसेट त्याच्या मापाने जुळवलेला असे. सॅव्हॉय हे त्याच्या बँडचे घर होते. १९३५मध्ये त्याने एला फिट्जेराल्ड या तरुण गायिकेला आपल्या बँडमध्ये घेतले. त्या रात्रीचा कौल वेबच्या बाजूने गेला, आणि आपण आपल्याहून श्रेष्ठ वादकाकडून हरलो हे क्रुपाने पुढेही मोकळेपणाने सांगितले. १६ जून १९३९ रोजी वेबचा मृत्यू झाला.

गुरुजी : हा प्रसंग माझ्या बाजूचा आहे. वेब स्वतः बँडचा मालक होता, तरी बसायचा मागेच, आणि सगळा बँड हातात ठेवायचा. तोच जिंकला. मग पुढे १९५९मध्ये चित्रपट क्रुपाच्या नावाने निघाला, वेबच्या नावाने का नाही?

वादक : कारण क्रुपा गोरा होता. गुडमनच्या बँडला मोठी हॉटेले, रेडिओ, सिनेमा खुले होते. वेबला त्यातले पुष्कळ दरवाजे बंद. स्विंगची विद्या मुख्यतः कृष्णवर्णीय वादकांची, पैसा आणि प्रसिद्धी मात्र मोठ्या प्रमाणात गोऱ्या बँडांना मिळाली. क्रुपाची थोरवी सांगताना हे सांगितलेच पाहिजे.

गुरुजी : आणि क्रुपाने स्वतः त्याबाबत काय केले?

वादक : १९४१मध्ये त्याने ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिजला आपल्या गोऱ्या बँडमध्ये घेतले, तेही पुढच्या रांगेतला एकलवादक म्हणून. एल्ड्रिजला हॉटेलांत, खाणावळींत अपमान सोसावे लागले, आणि त्याला आत घ्यायला नकार देणाऱ्या खाणावळीच्या मालकाशी क्रुपाने हातघाई केल्याचे नोंदलेले आहे. एल्ड्रिज आणि गायिका अनिता ओडे यांची त्या बँडमधली जुगलबंदी खूप गाजली.

स्वतःचा बँड, तुरुंग आणि परतणे

१९३८च्या मार्चमध्ये क्रुपाने गुडमनची साथ सोडली आणि एप्रिलमध्ये अटलांटिक सिटीत स्वतःचा बँड उभा केला. शिकागोच्या स्लिंगरलँड कंपनीची जाहिरात तो करत असे. वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही चामड्यांचा ताण बदलता येईल असे टॉमटॉम त्याच्या आग्रहाने तयार झाले. त्याआधीच्या टॉमटॉमचे खालचे चामडे खिळ्यांनी कायमचे ठोकलेले असे. सिंबल बनवणाऱ्या झिल्जियन घराण्यालाही त्याच्या मागण्यांतून नवे आकार आणि जाडी घडवता आली.

गुरुजी : ही कामगिरी मला सर्वांत टिकाऊ वाटते. दोन्ही बाजूंनी सुरात लावता येणारे वाद्य म्हणजे नादाचा विचार आला. पण मूळ आक्षेप राहतोच. त्याला हळू वाजवता येत होते का?

वादक : १९४१च्या ‘बॉल ऑफ फायर’ या चित्रपटात याचे उत्तर देणारा प्रसंग आहे. आधी क्रुपा सगळ्या बँडसह ‘ड्रम बूगी’ वाजवतो, भरपूर आवाजात. मग ड्रमसेट बाजूला राहतो. टेबलावर एक काड्यापेटी, हातात आगपेटीच्या दोन काड्या. माणसे टेबलाभोवती दाटी करतात आणि तो त्या पेटीवर तीच रचना वाजवतो. खोलीत कुजबुज ऐकू येईल इतका हलका आवाज, तरी प्रत्येक ठोका वेगळा. शेवटी काड्या पेटून उठतात.

गुरुजी : काड्यापेटीवर बोल स्वच्छ निघाला म्हणजे हातात निकास आहे. आवाजाच्या आड लपणारा वादक हे करू धजणार नाही. हा मुद्दा मी सोडतो.

१९४३च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोत क्रुपाला गांजाच्या प्रकरणात अटक झाली. सुमारे तीन महिने तो तुरुंगात होता आणि बँड मोडला. प्रकरणातल्या गंभीर आरोपाची शिक्षा पुढे वरच्या न्यायालयात रद्द झाली. त्याच वर्षी तो आधी गुडमनबरोबर आणि मग टॉमी डॉर्सीच्या बँडबरोबर रंगमंचावर परतला. १९४४मध्ये त्याने पुन्हा स्वतःचा बँड बांधला. मात्र बिग बँडचे दिवस भरत आले होते. महायुद्धात वादक सैन्यात गेले. पेट्रोल आणि टायरच्या नियंत्रणामुळे गावोगावचे दौरे अवघड झाले. १९४२ ते १९४४ वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला, त्या काळात गायक पुढे आले. १९४४मध्ये नृत्यगृहांवर जबर कर बसला. १९४६च्या अखेरीस एकामागून एक नामवंत बँड बंद झाले. क्रुपाने बीबॉप या नव्या जॅझशैलीतल्या तरुण वादकांना आणि रचनाकारांना जागा देत आपला बँड १९५१पर्यंत चालवला.

मुंबईची शाखा

स्विंग मुंबईत फार लवकर पोहोचले. व्हायोलिनवादक लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय अमेरिकी बँड १९३५च्या हंगामात ताजमहाल हॉटेलात वाजला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड यांचे बँड आले. त्यांच्याकडून शिकलेल्या भारतीय वादकांत गोव्याचे वादक पुष्कळ होते. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून गोव्याच्या मुलांना व्हायोलिन आणि नोटेशन शिकवले जाई, त्यामुळे ते कागदावरचे संगीत सहज वाचत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६–१९६७) यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मिकी कोरिया यांचा बँड ताजमध्ये वर्षानुवर्षे वाजत होता. ड्रमच्या बाजूला पारशी समाजातले वादक ठळक दिसतात: गुडी सीरवाई हे मुंबईच्या जॅझवर्तुळातले नावाजलेले ड्रमर, आणि कावस लॉर्ड यांच्याकडे बोंगो-कोंगासारखी लॅटिन तालवाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुजवण्याचे श्रेय जाते. कावस यांचे पुत्र केरसी आणि बुर्जोर हेही चित्रपटसंगीतातले मोठे वादक झाले.

वादक : १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतले बँड आक्रसले आणि वादकांची पावले चित्रपटांच्या स्टुडिओंकडे वळली. तिथे त्यांना आपल्या भागातला माणूस भेटला. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, गोदाकाठच्या पुणतांब्याचे. त्यांनी चिक चॉकलेट यांना सोबत घेतले. १९५१च्या ‘अलबेला’मध्ये चिक यांचा बँड पडद्यावरही दिसतो.

गुरुजी : रामचंद्रांच्या चालींत स्विंगचा डोल आहे, पण गाणे गाण्याच्या जागी आहे. ड्रम आणि बोंगो शब्दांना सांभाळून चालतात. तिथे ड्रमवादक पुन्हा साथीदार झाला, आणि त्यातून गाणी टिकली. माझे म्हणणे मुंबईने सिद्ध केले.

वादक : सिद्ध केले, पण केवढ्या किमतीत! त्या तबकड्यांवर संगीतकार, गायक, गीतकार यांची नावे छापली. ड्रम कोणी वाजवला, बोंगो कोणी, हे छापले नाही. घराघरांत वाजलेला ठेका कुणाच्या हातचा, हे ऐकणाऱ्याला कधी कळलेच नाही. साथीदाराने मागे राहावे, हे तत्त्व म्हणून चांगले आहे. पण मागे राहिलेल्याचे नावही पुसले जाते, तेव्हा क्रुपाने नावासाठी केलेला हट्ट बरोबर वाटू लागतो.

गुरुजी : हे मला मान्य करावे लागेल. साथ नम्र असावी. साथीदार अनामिक असू नये.

उत्तरायुष्य

१९५०च्या दशकात क्रुपा ‘जॅझ ॲट द फिलहार्मॉनिक’ या मैफलमालिकेच्या दौऱ्यांत वाजवत होता. तिथे बडी रिच (१९१७–१९८७) याच्याशी त्याचे ड्रमसामने झाले. वेग आणि तंत्रात रिच त्याच्या पुढे होता. १९५४मध्ये क्रुपा आणि कोझी कोल यांनी न्यूयॉर्कमध्ये ड्रमची शाळा काढली. १९५९मध्ये त्याच्या जीवनावर चित्रपट निघाला. १९६०मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्याने काम कमी केले. १९७३मध्ये गुडमनची जुनी चौकडी पुन्हा एकत्र आली, तेव्हा तो तिच्यात होता. १६ ऑक्टोबर १९७३ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या यॉन्कर्स येथे त्याचे निधन झाले.

गुरुजी : बडी रिचचा उल्लेख झाला म्हणून सांगतो. १९६८मध्ये त्याची आणि उस्ताद अल्लारखाँची एकत्र तबकडी निघाली, ‘रिच आ ला रखा’. ड्रम आणि तबला समोरासमोर बसले.

वादक : ते शक्य झाले, कारण तोवर ड्रमवादकाला स्वतःच्या नावाने तबकडी काढण्याचा हक्क मिळाला होता. तो रस्ता आधी क्रुपाने मोकळा केला होता.

गुरुजी : आणि अल्लारखाँना तो हक्क मिळाला, त्यामागे रविशंकरांच्या सतारीला केलेली वर्षानुवर्षांची साथ होती. साथीतून कमावलेल्या विश्वासावर स्वतंत्र वादन उभे राहते.

या दोन मतांत क्रम लावता येतो. साथ ही ड्रमवादनाची मूळ विद्या, आणि त्या विद्येत चिक वेब व जो जोन्स हे जीन क्रुपापेक्षा सरस ठरतात. क्रुपाचे श्रेय वेगळ्या ठिकाणी आहे. त्याने ड्रमसेटला सुरात लावता येणारे, पूर्ण वाद्य बनवण्यास हातभार लावला. ध्वनिमुद्रणात ड्रमला त्याची जागा मिळवून दिली. आणि मागच्या चौथऱ्यावर बसणाऱ्या वादकाचे नाव जाहिरातीच्या फलकावर आणले. पहिल्या दोन गोष्टी आज इतक्या रूढ आहेत की कुणाला वेगळ्या जाणवत नाहीत. तिसरी आपल्याकडे अजून अपुरी आहे. मुंबईच्या स्टुडिओंत ड्रम, बोंगो, कोंगा वाजवलेल्या गोव्याच्या आणि पारशी वादकांची कुटुंबे, त्यांच्याजवळची नोटेशनची पाने आणि छायाचित्रे अजून हाती लागण्यासारखी आहेत. त्यांच्या आठवणी मराठीत नोंदवून घेण्याचे काम संगीताच्या अभ्यासकांनी आणि विद्यापीठांच्या संगीत विभागांनी हाती घ्यावे. आणि जुने गाणे ऐकताना श्रोत्यांनी गायकाबरोबर ठेका धरणाऱ्याचेही नाव विचारावे.